खरवडलेली विमानं

चाळीसगावच्या स्टेशन रोडवर, मालधक्क्याच्या समोर, अभिमन पेंटरचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड, पुढे बाकडं, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या ओल्या पाट्या. गावातल्या निम्म्या दुकानांची नावं त्याच्या हातची. पोळा जवळ आला की शिंगं रंगवून घ्यायला लोक बैल थेट त्याच्या दारात आणून उभे करत. माणूस कमी बोलणारा. बोलायचा तेव्हाही समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या मागच्या भिंतीकडे पाहायचा. जन्मभर भिंतींकडेच पाहत आलेला माणूस, त्याची ती सवय. पण अठ्ठेचाळीस साली गावाला साध्या गोष्टीतही काहीबाही दिसायला लागलं, आणि ही सवयसुद्धा त्याच्या अंगाशी आली.

तेव्हा देश स्वतंत्र झालेला होता, पण आमच्याकडून कन्नडचा घाट चढून गेलं की निजामाचं राज्य लागायचं. त्या उन्हाळ्यात घाटावरून रोज माणसं उतरत. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, मागे एखादी शेळी. रझाकारांच्या भीतीनं घर सोडून आलेली ही माणसं धर्मशाळेत, शाळेत, मिळेल तिथं राहिली. त्यांच्याबरोबर बातम्याही उतरल्या. कुणी सांगे, निजामाकडे परदेशातून विमानं भरून बंदुका येतात. कुणी सांगे, त्या विमानांना वाट दाखवणारी माणसं आपल्याच गावात बसली आहेत. आकाशात साधी घार फिरली तरी बायका पोरांना आत ओढत.

आणि अभिमनला विमानांची माहिती होती. हे गावाला ठाऊक होतं, कारण त्यानंच कधीतरी बाकड्यावर बसून सांगितलं होतं. लढाईच्या काळात तो पुण्याकडे एका लष्करी कारखान्यात रंगकामाला होता. तिथं लाकडाची वीतभर लांबीची विमानं बनत. तोफेवरच्या शिपायांना आपलं विमान कोणतं आणि जपान्यांचं कोणतं हे शिकवण्यासाठी ती छतापासून दोऱ्यांनी टांगत. अभिमनचं काम त्यांच्या पंखांवर खुणा काढायचं. जपानी विमानाला लाल गोळा. आपल्या विमानाला निळं चक्र, आणि आधी त्या चक्राच्या मधोमध एक लाल ठिपका असे. पुढे वरून हुकूम आला की लाल पाहून शिपायांचा घोटाळा होतो, ठिपका काढा. मग अभिमननं कित्येक विमानांवरचे लाल ठिपके फिकट निळ्या रंगाखाली बुजवले. लढाई संपली, कारखाना बंद पडला, तो गावी परत आला. त्याची एक खाकी पँट आणि रंगाचे डाग पडलेले बूट एवढंच त्या दिवसांतलं उरलं होतं.

मे महिन्यात एक दिवस धुळ्याच्या गाडीनं एक अनोळखी माणूस उतरला आणि सरळ अभिमनच्या दुकानी आला. स्वच्छ धोतर, काळी टोपी, हातात पत्र्याची पेटी. पेटी त्यानं बाकड्यावर ठेवली नाही, मांडीवर घेतली.

"लढाईत विमानं रंगवणारे पेंटर तुम्हीच ना?"

"कोणी सांगितलं?"

"धुळ्याला ऐकलं." माणसानं रस्त्याकडे पाहिलं आणि पेटी थोडीशी उघडली. आत जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेली लाकडी विमानं होती. अभिमननं एक हातात घेतलं. वजन, पंखाची गोलाई, शेपटीची खाच, सगळं ओळखीचं. पण पंखांवर खुणा नव्हत्या. कुणीतरी वस्तऱ्यानं त्या खरवडून काढल्या होत्या. लाकडापर्यंत. काही ठिकाणी वस्तरा इतका खोल गेला होता की पंखाला चरा पडला होता.

"ह्या खुणा जशा होत्या तशा काढून हव्यात," माणूस म्हणाला.

"कुणी खरवडल्या?"

"पोरांनी. मी शाळेत मास्तर आहे. लीलाधर देवरे. पोरांना दाखवायला हवीत." धुळ्यातल्या एका शाळेचं नाव त्यानं सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काम आत बसून करा. चारचौघांत नको."

अभिमनला हे खटकलं. पोरं वस्तऱ्यानं इतकं नेटानं खरवडत नाहीत. पोरं एक पंख मोडतील, दोन मोडतील, पण पेटीतल्या झाडून सगळ्या विमानांची नेमकी खूणच तेवढी काढणार नाहीत. त्यानं पुन्हा विचारलं, "खरं सांगा, ही कुठून आली?" लीलाधर पेटीचं झाकण लावत म्हणाला, "सांगितलं ना, शाळेची आहेत." अभिमननं पेटी ठेवून घेतली. नाही म्हणायला हवं होतं असं तो पुढे शेवंताबाईंना, म्हणजे बायकोला, अनेकदा म्हणाला. पण विमान हातात आल्यावर हात सोडेना.

काम सोपं नव्हतं. रंग गेला तरी त्याची कड लाकडावर राहते. अभिमन सकाळच्या तिरप्या उन्हात विमान धरून हळूहळू फिरवी, तेव्हा पंखावर गोलाची पुसट रेघ दिसे. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की ती आणखी उठून येई. तिथं तो पेन्सिलीनं टिंब करी. चरे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरून, काचकागदानं घासून, वर अस्तराचा हात. शेवंताबाई सांगत, की त्या दिवसांत ते जेवायलाही हाक मारल्याशिवाय उठत नसत.

एका विमानावर बोळा फिरवताना चक्राच्या जागी, मधोमध, लाकडाच्या रेषांत मुरलेला लाल रंग दिसला. फिकट निळ्याच्या खालचा लाल ठिपका.  बुजवलेला ठिपका होता तो. आणि तो बुजवताना लाखेचा हात आधी दिलेला नव्हता, हे कडेला उरलेल्या निळ्यातल्या गुलाबी झाकेवरून कळत होतं. लाल रंग फार वाईट. त्याच्यावर लाख न देता नुसता फिकट रंग फासला तर काही दिवसांत तो वर येतो, निळ्यावर गुलाबी डाग पडतो. कारखान्यात घाई असे तेव्हा लाखेला वाळायला वेळ मिळत नसे. तेव्हा अभिमननं स्वतःही लाख न देता नुसता निळा फासून विमानं पुढे ढकलली होती. हे विमान त्याच्या हातचं की दुसऱ्या कुणाच्या, हे सांगता येत नव्हतं. पण त्या दिवसापासून त्याचा संशय दोन्हीकडे चालू लागला. पेटी आणणाऱ्यावर, आणि लाल डाग राहू देणाऱ्या स्वतःवर.

समोर, मालधक्क्याच्या कडेला, झुलालचं सायकलचं दुकान होतं. झुलाल मनानं वाईट नव्हता. घाटावरून आलेल्यांसाठी त्यानं घरची ज्वारी दिली होती. गावानं पहारा देणारं पथक उभं केलं होतं, त्यात तो पुढे असे. पंक्चर काढता काढता त्याची नजर रस्त्यावरच्या प्रत्येकावर असायची. एक दिवस तो पंप परत मागायला आला आणि अभिमनला विमान झाकायला उशीर झाला. ते नेमकं जपानी विमान होतं, पंखावर ताजा लाल गोळा.

"हाई काय शे रे भाऊ?"

"शाळेचं काम आहे. धुळ्याच्या."

"मंग झाकस कसाले?"

अभिमननं विमान फडक्याखाली सारलं. तो नेहमीसारखा भिंतीकडे पाहत राहिला. झुलाल पंप घेऊन गेला, पण पुढच्याच आठवड्यात सायकलींचं सामान आणायला धुळ्याला गेला तेव्हा त्या शाळेत जाऊन आला. परतल्यावर तो अभिमनशी काही बोलला नाही. चहाच्या दुकानात बोलला. त्या शाळेत लीलाधर देवरे नावाचा मास्तर नाही. कधी नव्हता.

मग सगळं जुळायला लागलं. म्हणजे लोकांनी जुळवलं. अभिमनची बहीण कन्नडकडे दिलेली, निजामाच्या राज्यात. तो लढाईत विमानांच्या खुणा काढायचा. दुकान मालधक्क्यासमोर, म्हणजे आलागेला माल त्याला दिसतो. बोलताना डोळ्याला डोळा देत नाही. आणि आता खोट्या नावाच्या माणसासाठी विमानांवर खुणा रंगवतोय. अर्धवट झालेली पाटी एक वाणी "राहू दे" म्हणून तशीच उचलून घेऊन गेला. पाणवठ्यावर शेवंताबाई गेल्या की बायकांचं बोलणं थांबे. सगळ्यात वाईट म्हणजे, झुलालनं शोधून काढलेलं खोटं नव्हतं. लीलाधर खरंच खोटं बोलला होता, आणि हे कळल्यावर अभिमनलाही रात्रंदिवस तेच वाटू लागलं. आपल्याकडून नेमकं काय रंगवून घेतलं जातंय?

फौजदार आले तेव्हा भर दुपार होती. रस्त्यावर लोक गोळा झाले. फौजदार दुसऱ्या जिल्ह्यातून नवीन बदलून आलेले, आवाज न चढवणारे. त्यांनी विमानं एकेक करून बाकड्यावर मांडली.

"हे निळं चक्र कुणाचं?"

"लढाईतल्या आपल्या विमानांचं, साहेब."

"आपलं म्हणजे? इंग्रजांचं?"

"हो. तेव्हा तेच आपलं होतं."

गर्दीतून कुणीतरी हसलं. फौजदार हसले नाहीत. "आणि लाल?"

"जपान्यांचं."

"जपान कधीच हरला. मग आज कोण मागतंय हे?"

अभिमननं नाव सांगितलं. गाव सांगितलं, धुळे, पण ते खरं आहे की नाही माहीत नाही म्हणाला. फौजदारांनी त्याला चौकीत नेऊन बसवलं. मारलं नाही, शिवी दिली नाही. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, आणि दर वेळी उत्तर ऐकून मान हलवली, जणू आधीचं उत्तर वेगळं होतं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा अभिमनच्या तोंडून निघालं, की तो माणूस येत्या बाजारच्या दिवशी पेटी न्यायला येणार आहे. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं हे शेवंताबाईंना सांगितलं. त्यांनी चुलीपुढून मान वर न करता एवढंच विचारलं, "आणि तो खरोखरचा भला माणूस असला तर?"

बाजारच्या दिवशी अभिमन दुकान उघडून बसला. फौजदारांनी तसं सांगितलं होतं. पेटी बाकड्यावर उघडी. गाडी आली. लीलाधर गर्दीतून येताना दिसला, हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. मालधक्क्याच्या फाटकापाशीच दोन शिपायांनी त्याला धरलं. पान खाली पडलं, आतल्या शेवया रस्त्यावर सांडल्या. त्या अभिमनच्या घरासाठी आणल्या होत्या. लीलाधरनं दुकानाकडे पाहिलं. अभिमननं या वेळी भिंतीकडे पाहिलं नाही, त्याला नजर वळवताच आली नाही.

चौकीत लीलाधरनं लगेच सगळं सांगितलं. तो मास्तर नव्हता. धुळ्याला एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होता, घर साक्रीचं. विमानं त्याच्या धाकट्या भावाची, लोटनची. लोटन लढाईत विमानं पाडणाऱ्या तोफेवर होता. तो परत आला तो ही पेटी घेऊन. आणि एक दिवस बसून त्यानं सगळ्या खुणा खरवडल्या, तेव्हापासून घराबाहेर पडेना, धड बोलेना. खुणा पुन्हा दिसल्या तर भाऊ माणसांत येईल असं लीलाधरला वाटलं होतं. मग खोटं का बोललात? तर ही विमानं लष्कराची. भावानं ती कुणाला न विचारता आणलेली. मास्तर म्हटलं की कुणी जास्त विचारत नाही.

फौजदार म्हणाले, "एकदा खोटं बोललात. आता हे खरं कशावरून?"

म्हणून दुसऱ्या दिवशी ते स्वतः निघाले. बरोबर लीलाधर, पेटी, आणि विमानांबद्दल सांगायला अभिमन. गाडीनं धुळे, तिथून मोटारीनं साक्री.  मोटारीत जागा थोडी, त्यामुळे अभिमनचा आणि लीलाधरचा खांदा सारखा एकमेकाला लागत होता.

घर गावाच्या कडेला, मातीचं, धाब्याचं. आत अंधार आणि गारवा. लोटन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. सडपातळ, दाढी गुळगुळीत केलेली, बाहीची बटणं लावलेली. पोलिसाला पाहून तो लष्करातल्यासारखा ताठ उभा राहिला. फौजदारांनी पेटी उघडली. ताज्या रंगाचा वास खोलीभर पसरला. लोटननं आधी विमानांकडे पाहिलं, मग मोठ्या भावाकडे.

"हाई कोनी करं?"

"मी," अभिमन म्हणाला.

 लोटननं निळ्या चक्राचं एक विमान उचललं आणि दारात गेला. बाहेर उन्हाचा नुसता पांढरा जाळ. उघड्या दारात त्या उजेडापुढे त्यानं विमान हात उंच करून धरलं.

"आते सांगा साहेब. कोनं इमान शे हाई?"

फौजदारांनी डोळे बारीक केले. आतून पाहणाऱ्याला एक काळी आकृती दिसत होती, बाकी काही नाही. अभिमननं त्या पंखावर स्वतः रंगाचे तीन हात दिले होते, आणि त्यालाही तिथं निळा दिसत नव्हता. लोटननं विमान ठेवलं, दुसरं घेतलं, लाल गोळ्याचं. तेही तसंच काळं.

मग तो खाली बसून बोलला. थांबत थांबत, कधी गावच्या बोलीत, कधी लष्करातल्या हिंदीत. इंफाळकडे डोंगरात त्यांची तोफ होती. खाली अडकलेल्या पलटणीला तांदूळ टाकायला आपलीच विमानं यायची. एका सकाळी सूर्याच्या अंगानं दोन इंजिनांचं एक विमान आलं. हुकूम यायच्या आत लोटननं तोफ डागली. विमान झाडीत पडलं. वर गेलेल्या धुराबरोबर तांदळाची पोती फुटून पांढरे दाणे पानांवर पसरले, तेव्हा कळलं की आपलं होतं. आत कोण होते हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याला तोफेवरून काढून शिकवणीच्या खोलीत ही लाकडी विमानं पुसायला बसवलं.

अभिमननं एक विमान जवळ ओढलं. तो म्हणाला, "मीसुद्धा हीच विमानं रंगवायचो. चक्रातला लाल ठिपका बुजवायचो. घाईत लाख दिली नसेल तर लाल वर आला असेल. तुम्ही शिकताना तसंच एखादं पाहिलं असेल. माझ्या हातचं असेल."

लोटनला हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं नाही अशी मान हलवली.

"मी रंग दखाच नही, भाऊ. आवाज ऐका, भ्याव वाटना, अन् तोफ चालाडी." रंग त्यानं पाहिलाच नव्हता; आवाज ऐकून भ्याला होता, एवढंच.

फौजदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. ती त्यांनी पुन्हा घातली. पेटी इथंच राहू दे म्हणाले, आणि उठले.

चाळीसगावात मात्र प्रकरण मिटलं नाही. अभिमन सुटून आला कसा, हा नवा प्रश्न झाला. पोलिसांबरोबर गाडीत बसून गेला, हसतखेळत परत आला, म्हणजे हा पोलिसांचा खबऱ्या. आता त्याच्या बाकड्यावर कुणी बसेना. हेर म्हणून त्याला टाळणारे खबऱ्या म्हणून टाळू लागले. आणि हे सगळंच खोटं नव्हतं. लीलाधरला त्यानंच धरून दिलं होतं.

सप्टेंबरात भारताच्या फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि थोड्याच दिवसांत सगळं आटोपलं. घाटावरून आलेली माणसं बोचकी बांधून परत गेली. गावाला बोलायला दुसरे विषय मिळाले. आपण अभिमनवर संशय घेतला होता असं कुणी म्हटलं नाही, आणि घेत नाही असंही म्हटलं नाही. एक दिवस झुलाल स्वतःच्या दुकानाची पाटी घेऊन आला. अक्षरं मोठी काढ म्हणाला. अभिमननं मोठी काढली. पण आता अभिमनच बदलला होता. नवीन गिऱ्हाईक आलं की तो नाव विचारी, गाव विचारी, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारी, उत्तर बदलतं का पाहायला. फौजदारांकडून शिकला होता.

लोटन पुढच्या वर्षी आपण होऊन आला. पेटी खांद्यावर. सगळी विमानं काळी करून द्या म्हणाला, खुणा नकोत. अभिमननं त्याला काचकागद दिला. दोघं समोरासमोर बसून, दिवसभर, अभिमननं इतक्या मेहनतीनं काढलेली चक्रं घासत राहिले. शेवंताबाईंनी दोघांना भाकर वाढली. लोटन जेवताना धुळ्याच्या गाडीतल्या गर्दीबद्दल काहीतरी बोलला आणि हसला. तो गेल्यावर झुलाल येऊन विचारून गेलाच, की बिनखुणेची विमानं कशासाठी लागतात.

लीलाधरनं मात्र त्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. एक्कावन्न साली लोटनचं लग्न ठरलं, तेव्हा तो एकदा आला, पण बाकड्यावर बसला नाही. रस्त्यावर उभं राहूनच "लग्नाला या" म्हणाला आणि स्टेशनाकडे वळला.

अभिमन आणि शेवंताबाई साक्रीला गेले. पंगतीत लीलाधर स्वतः वाढत होता. अभिमनच्या पानापाशी आला आणि थांबला.

"तुम्ही त्या दिवशी मला नीट विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं," तो हळूच म्हणाला.

"मी विचारलं होतं."

लीलाधरनं थोडा विचार केला. "हो. विचारलं होतं."

बाजूचे लोक जेवत होते. लीलाधरनं परातीतला एक पुरणाचा मांडा उचलून अभिमनच्या पानात वाढला, त्याच्यावर तुपाची धार सोडली, आणि पुढच्या माणसाकडे गेला.